अर्ध्या तासाचं प्रायश्चित्त

बायको अलिबागला नर्स आहे, आणि घर, स्वयंपाक, तीन वर्षांची मुलगी रिया, सगळं माझ्याकडे. तर नाताळच्या आधी मी चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेलो. रियाला कुठे ठेवणार? मांडीवरच घेतलं.

जाळीपलीकडे फादर. मी म्हटलं, "फादर, जीव नुसता घुसमटतो. दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो आणि मुलीवर ओरडतो."

"रोज," रिया म्हणाली.

फादर म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून अर्धा तास देवासमोर एकटा, शांत बस."

"एकटा? मग हिला कोण बघणार?"

फादर स्वतः बाहेर आले आणि तिचं बोट धरून अंगणात गेले.

मी बाकावर बसलो. पण शांत कुठला? मिनिटामिनिटाला मान दाराकडे. बाहेर कुंडी फुटल्याचा आवाज आला, तरी उठलो नाही.

दहाव्या मिनिटाला फादर तिला काखोटीला मारून आत आले. झगा चिखलाने माखलेला. म्हणाले, "जा बाबा घरी. बाकीची वीस मिनिटं माफ."

मी म्हटलं, "नको फादर. पाप मोठं आहे, पुरतं भोगतो."