सिग्नलवरचं काळं फडकं

सुमती : पुन्हा बोला. नीट ऐकू आलं नाही मला.

अच्युत : झेंडा मी बांधत नव्हतो. सोडत होतो.

सुमती : हळू! खाली वाडीच्या समितीचे अप्पा मांडव घालतायत तुमच्या सत्काराचा.

अच्युत : तेच म्हणतोय मी. मांडव घालायच्या आधी कुणी विचारलं मला?

सुमती : विचारायला घरी कुठे होतात? तुरुंगात होतात. काल सुटून आलात, तेव्हापासून नुसते भिंतीकडे बघताय. आता सगळं सांगा. रविवारी शिवडीच्या फाटकावर गेलात, इथवर मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून दर रविवारी जाताय.

अच्युत : ट्रामने परळपर्यंत, पुढे चालत.

सुमती : ठाकूरद्वारातून उठून शिवडी! चर्नी रोड एवढं जवळ असताना.

अच्युत : चर्नी रोडला विजेच्या गाड्या. त्यात बघायचं काय? शिवडीला गोदीच्या मालगाड्या येतात, वाफेच्या इंजिनाच्या. फाटक पडतं, बैलगाड्या थांबतात, मग सिग्नलचा हात कसा सावकाश खाली येतो...

सुमती : हाताचं कौतुक नंतर. झेंडा कुठून आला?

अच्युत : सिग्नलवरच होता. संयुक्त महाराष्ट्राची निदर्शनं झाली, मंडळी काळा झेंडा बांधून निघून गेली. वाऱ्याने ते फडकं नेमकं दिव्याभोवती गुंडाळलं. दिवेलागणीची वेळ. फाटक उघडं, रुळांवरून माणसं चाललेली. समोरून गाडी आली, तर ड्रायव्हरला लाल दिवा दिसणार कसा?

सुमती : फाटकवाल्याला सांगायचं.

अच्युत : सांगितलं. तो म्हणाला, त्या झेंड्याला मी हात लावला तर लोक मला बदडतील.

सुमती : म्हणून तुम्ही चढलात! घरी माळ्यावरचा डबा काढायला शेजारच्या राजारामला बोलवावं लागतं.

अच्युत : चढलो खरा. फडकं सुटून हातात आलं, आणि खाली पोलिसांची गाडी. खांबावर माणूस, माणसाच्या हातात काळा झेंडा. त्यांना दुसरं काय वाटणार?

सुमती : तोंड नव्हतं तुम्हाला?

अच्युत : इंजिनं बघायला येतो म्हटलं. सगळी चौकी हसली.

सुमती : हसणारच. लग्न ठरताना माझे बाबासुद्धा हसले होते. मुलाला व्यसन नाही म्हणाले, नुसता फाटकावर उभा राहतो... खरं सांगू? तुम्ही आत होतात ना, तेव्हा पहिल्यांदा मला ताठ मानेने चालता आलं. नळावर बायका मला पुढे जाऊ देत होत्या. इतकी वर्षं मी त्या आगगाडीवाल्याची बायको होते हो.

अच्युत : वाईट वाटतं मला.

सुमती : वाटू दे. उद्या ऑफिसचं काय?

अच्युत : साहेबांनी बोलावलंय. सरकारी नोकर चळवळीत सापडला तर घरी बसवतात.

सुमती : मग सोपं आहे. आज इथे हात जोडून गप्प राहा. उद्या साहेबांना खरं ते सांगा. दोन्हीकडचं निभावेल.

अच्युत : हार कोण घालणार आहे, ठाऊक आहे ना?

सुमती : आनंदीबाई.

अच्युत : जानेवारीतल्या गोळीबारात त्यांचा तरणाताठा मुलगा वसंता गेला. त्या बाईच्या हातून मी खोटा हार घेऊ? मुंबई आपल्याला मिळावी असं मलाही वाटतं गं. पण दिवा झाकून नको.

सुमती : आणि खरं बोललात, तर वाडीत कोण उभं करील आपल्याला? चळवळीचा झेंडा उतरवणारा म्हणतील. गप्प बसा, जिन्यात काकूंचाच आवाज आहे.

(आनंदीबाई दारात येतात. हातात हार.)

आनंदीबाई : झालं का रे अच्युता? खाली अप्पा नुसते घायकुतीला आलेत.

सुमती : येतायत, काकू. कपडे बदलतायत.

अच्युत : काकू, बसा. तो झेंडा मी बांधला नाही. काढला.

सुमती : अहो!

आनंदीबाई : काढलास?

अच्युत : दिव्यावर आला होता. गाडी येणार होती.

आनंदीबाई : मग आली?

अच्युत : मी खांबावर असतानाच. लाल दिसल्यावर थांबली, फाटकाच्या अलीकडे.

आनंदीबाई : फाटकात माणसं होती?

अच्युत : पुष्कळ.

आनंदीबाई : त्यांना कळलं?

अच्युत : छे. फाटक पाडून खोळंबा केला म्हणून ती फाटकवाल्याला शिव्या देत होती.

सुमती : काकू, यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. तुमच्या वसंतासारखी छाती सगळ्यांना कुठून येणार?

आनंदीबाई : वसंताला कसली छाती? पाल दिसली तरी ओरडायचा. मोर्चात नव्हताच तो. गडबड ऐकली, दुकानाला कुलूप लावलं आणि घराकडे पळत सुटला. गोळी पाठीत लागली.

अच्युत : काकू...

आनंदीबाई : अप्पांनी फोटोखाली वीर म्हणून लिहून आणलं. मी मान डोलावली. आता त्या फोटोसमोर मला रडूच येत नाही रे. तो माझा वसंता वाटत नाही.

सुमती : इतके महिने कुणाला बोलला नाहीत?

आनंदीबाई : कुणाला बोलू? जो येतो तो हात जोडून उभा राहतो.

अच्युत : मी खाली खरं सांगितलं, तर लोक उठून जातील.

आनंदीबाई : जाऊ देत. हार मी घालणारच. तू आधी बोल, अच्युता. मग मला माझ्या पोराचं सांगता येईल.