मोकळी तार

हॅलो?… हां, बोल छोट्या. पटकन बोल, दोन्ही हातांना गोंद लागलाय माझ्या.

काय?… शून्य? सुई पेशंटच्या आत आणि दाबाचा आकडा शून्य?… किती आत?… दोन सेंटिमीटर! अरे, मग शून्य कसा असेल? लोण्यात घातली तरी काहीतरी दाखवते ती!

थांब, तू बोलतोयस कुठून?… कॉरिडॉरमधून? आणि तिकडे डॉक्टर रोबोटनं सुई पुढे ढकलतायत?… काय म्हणाले? 'आकडा नाही म्हणजे वाट मोकळी'? पळ! ऐकत काय उभा राहिलायस, पळ! आधी लाल बटण दाब! पेशंट एमआरआयच्या नळीत, डॉक्टर काचेच्या अलीकडे. त्यांच्या हाताला काही कळत नाही रे, तो आकडाच काय तो कळतो!

… हॅलो?… छोट्या!… हॅलो!… थांबवलं?… सुई पूर्ण बाहेर?… आणि पेशंट? बोलतायत का?… पाणी मागतायत. नक्की ना?… बरं. बरं.

आता सांग, काय केलंस… सकाळी नवी सुई लावलीस, ठीक… सुईच्या त्या केसासारख्या काचेच्या दोन्ही तारा मशीनला जोडल्यास… आणि दोन्ही चिकटवल्यास? दुसरीसुद्धा?… 'लोंबत होती, बरं दिसत नव्हतं'! अरे शहाण्या, ती लोंबायलाच ठेवलीय! पहिलीला दाबही कळतो आणि थंडी-ऊबही. दुसरी मोकळी, तिला फक्त थंडी-ऊब. मशीन पहिलीतून दुसरी वजा करतं, उरतो तो दाब. तू दुसरीही सुईला चिकटवलीस, दोघींना सारखंच कळायला लागलं, मग उरणार काय? भोपळा!

लहानपणापासून हेच तुझं! माझी कंपासपेटी आवरून ठेवायचास, आणि ऐन परीक्षेत मला पेन्सिल सापडायची नाही. पण ही कंपासपेटी नाहीये, जिवंत माणूस आहे!… नाही, मध्ये बोलू नकोस… हो, ओरडणारच मी!

काय?… कुठल्या कागदावर?… सुईबरोबर पाठवलेल्या, माझ्या? शक्य नाही. मी स्वच्छ लिहिलंय, दुसरी मोकळी… नाही लिहिलेलं? नीट बघ ना… चित्र? काय आहे चित्रात?… दोन्ही तारांवर चिकटपट्टी?

फोटो पाठव… आला, थांब जरा…

…

हो, दोन्हींवर पट्टी आहे.

डॉक्टरांना काय सांगितलंस?… 'मशीन अडकलं'? का?… माझं नाव नको यायला म्हणून? म्हणजे चित्र माझं आहे हे तुला मगाशीच माहीत होतं! आणि मी इतका वेळ तोंड सोडलं, ते निमूट ऐकून घेतलंस? मूर्ख आहेस तू! ठार मूर्ख!… अरे, काल या सुयांच्या पाच पेट्या गेल्यात इथून. दुसऱ्या पाच हॉस्पिटलांत. प्रत्येकीत हाच कागद आहे, कळतंय का? मशीन अडकलं म्हटल्यावर तो कोण उघडून बघणार?

फोन दे डॉक्टरांना… नाही, 'ताई, ताई' नको करूस आता. दे फोन.

… हॅलो, डॉक्टर? ती सुई बनवते ना, ती बोलतेय… नाही, मशीन ठीक आहे. चित्र चुकलंय, आणि ते मी काढलंय… हो, चिडा तुम्ही. फक्त दोन मिनिटांनी चिडा, मला आधी पाच फोन करायचेत.