आखूड शेपटीचा दगड

(जपानमधल्या ओमी प्रांतातलं, सरोवराजवळच्या डोंगराच्या पायथ्याचं देऊळ. आवाराची कोरडी दगडी भिंत वरून अर्धी उतरवलेली. नोव्हेंबरातली सकाळ. म्हातारा गवंडी कुमेजिरो स्टुलावर बसलाय. त्याचा जुना शिष्य तात्सुओ साखळी-कप्पीवर काम करतोय.)

कुमेजिरो: आणि हे खडूने काय गिरबटतोयस प्रत्येक दगडावर?

तात्सुओ: आकडे. जिथून काढला तिथेच परत बसवायचा, तर खूण लागते.

कुमेजिरो: आम्हाला नाही लागली कधी. दगड एकदा बघायचा, डोक्यात ठेवायचा, कामाला लागायचं. तुझ्या डोक्यात जागा नाही, म्हणून खडू.

तात्सुओ: उस्ताद, स्टूल मागे घ्या. कप्पी तुमच्या डोक्यावर येते.

कुमेजिरो: एक्याऐंशी वर्षं झाली, माझ्या डोक्यावर कुणाची कप्पी पडली नाही.

तात्सुओ: माझी पडली तर गावभर सांगत फिराल. सरका.

कुमेजिरो: सरकतो. चार दिवस झाले बघतोय, तुझं काम म्हणजे नुसती सरकासरकी. हातमोजे घालून दगड उचलतोस. दगड हाताला लागायला नको, साहेबांच्या.

तात्सुओ: तुमची दोन बोटं कशी गेली?

कुमेजिरो: दगड उचलताना गेली. सिमेंट कालवताना नाही गेली. अकरा वर्षं रस्त्याच्या कडेला डोंगरांना सिमेंटचे लेप लावत हिंडलास तू, मग कुठे परत दगडाकडे वळलास. माझ्याकडे तीन वर्षं शिकलेला माणूस. लोक मला विचारायचे, तुमचा तात्सुओ काय करतो? मी म्हणायचो, कोण तात्सुओ?

तात्सुओ: माहीत आहे. आईच्या कानावर आलं होतं ते.

कुमेजिरो: बरं झालं आलं ते. हां, आले बघा देवळाचे मालक. या भंतेजी. चहा आणलात?

एनजुन: जवाचा आहे, गरम. भाताचे गोळेही आहेत, आत खारवलेले आलुबुखार. तात्सुओसान, तुम्हीही घ्या जरा.

तात्सुओ: हा थर झाला की घेतो.

कुमेजिरो: त्याला देऊ नका, खाल्लं की तो आणखी हळू चालतो. भंतेजी, फाटकावर नवी पाटी लागलीय. 'आमचे गवंडी दगडाचा आवाज ऐकतात.' कुणाची अक्कल?

एनजुन: पर्यटनवाल्यांची. लोकांना आवडतं असं काही वाचायला.

कुमेजिरो: दगड बोलत नाही. बोलत असता तर पहिल्यांदा पाटी लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

एनजुन: काढून टाकू पाटी. कुमेजिरोसान, आज मी जरा वेगळ्याच काळजीत आहे. दुपारी दोनला देवळाच्या पंचांची सभा आहे.

कुमेजिरो: असू दे. म्हातारे जमतील, ढेकर देतील, घरी जातील.

एनजुन: ह्या वेळी नाही जाणार तसे. शहरातल्या इंजिनियरचं पत्र आलंय. तो म्हणतो, दगडावर दगड नुसता ठेवलेली भिंत, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही, तिचा हिशेबच करता येत नाही. ती मध्येच फुगून पुढे आली, तिला पोट सुटलं, म्हणजे ही पद्धतच भरवशाची नाही. मागे काँक्रीटची भिंत घाला आणि हेच दगड कापून, पातळ करून पुढे चिकटवा.

कुमेजिरो: चिकटवा. चेहऱ्याला पावडर लावतात तशी.

एनजुन: आणि एकट्या ह्या भिंतीचं नाही. ही गेली की पंच सगळ्या उताराचं तेच करणार. खालच्या गल्लीपर्यंतच्या सगळ्या भिंती. तुम्ही बांधलेल्या जवळजवळ चाळीस.

कुमेजिरो: त्या इंजिनियरला म्हणावं, पाऊस पडला की ये इथे. माझ्या भिंतीतून पाणी फटीफटीने निघून जातं. त्याच्या काँक्रीटमागे ते तुंबतं, आणि एक दिवस सगळं घेऊन खाली येतं. शाळेत गेलेला माणूस आणि पाणी कुठे जातं ते माहीत नाही.

एनजुन: मला पटतं हो ते. पण सभेत ते एकच विचारणार आहेत. मग तीस वर्षांत हिला पोट का सुटलं? चूक पद्धतीची, की बांधणाऱ्या माणसाची? माणसाची असेल तर भिंत पुन्हा तशीच कोरडी बांधू, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पण त्यांना कारण हवंय. आणि नाव हवंय.

कुमेजिरो: नाव हवंय ना? हे काय, तुमच्यासमोर उभं आहे. ही सरोवराकडची बाजू ह्यानेच लावली होती खालून. एकवीस वर्षांचा होता. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, जिथे पोट सुटलंय तिथे ह्याचाच हात निघेल.

तात्सुओ: खालचे चार थर माझे. पोट पाचव्यात आहे.

कुमेजिरो: पाया वाकडा तर पाचवा काय करेल?

तात्सुओ: पाया वाकडा नाही. काल संध्याकाळी ओळंबा लावला. तुम्ही बघत होतात.

कुमेजिरो: माझ्या डोळ्यांत पाणी येतं थंडीने. काय दिसणार?

तात्सुओ: आता दिसेल. पाचव्यातला मोठा काढतोय. भंतेजी, तुम्ही पायरीवर जा.

एनजुन: तो निळसर? लोक ज्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात तो? माझ्या वडिलांचा फार जीव होता त्याच्यावर. पाहुणे आले की पहिल्यांदा इथे आणायचे.

तात्सुओ: तोच. उस्ताद, हा किती वजनाचा असेल?

कुमेजिरो: मला काय विचारतोस?

तात्सुओ: एवढं तोंड म्हणजे अंग आत दोन हात तरी हवं. तेवढ्या वजनाची साखळी लावलीय मी. बघू या.

कुमेजिरो: आज राहू दे तो. बाजूचे आधी काढ.

तात्सुओ: बाजूचे सुटलेत. हा ओढल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

कुमेजिरो: सांगितलं ना, राहू दे.

तात्सुओ: सभा दोनला आहे. ओढतोय.

एनजुन: आला. किती अलगद आला.

तात्सुओ: येणारच. मागे काहीच नाही त्याला.

एनजुन: म्हणजे? मला नीट सांगा, मला सभेत सांगायचंय.

तात्सुओ: इकडे या. हा शेजारचा बघा. बाहेर दिसतं ते तोंड केवढं? कलिंगडाएवढंही नाही. आणि आत अंग बघा, माझा अख्खा हात जातो. आम्ही ह्याला शेपूट म्हणतो. दगड नेहमी असा लावायचा, लांबी आत आणि थोडंसं तोंड बाहेर. दाढ हिरडीत बसते तसा. मागच्या गोट्यांच्या भरावात त्याची शेपूट रुतते, मग डोंगराने कितीही रेटलं तरी तो हलत नाही. आता हा निळा बघा.

एनजुन: हा तर आडवा लावलाय. दार लावल्यासारखा.

तात्सुओ: लांबी सगळी बाहेर दाखवायला. आत शेपूट एक वीत. डोंगर तीस वर्षं रेटतोय, ह्याला धरायला काही नाही, म्हणून हा पुढे आला. ह्याने वरच्याला ढकललं, त्याने बाजूच्याला. हेच तुमचं पोट.

एनजुन: म्हणजे पद्धत बरोबर आहे.

तात्सुओ: पद्धत पाळली असती तर आणखी तीनशे वर्षं बघावं लागलं नसतं.

एनजुन: देवा. मग झालं की काम. कुमेजिरोसान, ऐकलंत? चूक माणसाची. भिंत वाचली. मी सभेत हेच सांगतो. फक्त कुणाची तेवढं. कुमेजिरोसान?

तात्सुओ: माझं लिहा.

एनजुन: तुमचं?

तात्सुओ: तात्सुओ, तेव्हा वय एकवीस. शिकाऊ होता, दगड आडवा लावला. उस्तादही चार दिवस तेच म्हणतायत.

एनजुन: पण तुम्ही आत्ताच म्हणालात, खालचे चार थर तुमचे. हा पाचवा.

तात्सुओ: मोजताना चुकलो.

एनजुन: तात्सुओसान, तुमचं नाव गेलं तर पुन्हा बांधायचं काम पंच तुम्हाला देणार नाहीत. वसंतात ते किल्ल्याच्या बुरुजाचं काम निघतंय, त्याच्या यादीतूनही काढतील.

तात्सुओ: काढू देत. भंतेजी, ह्या उतारावर ह्यांच्या नावाच्या चाळीस भिंती उभ्या आहेत. ह्यांनी एक दगड चुकीचा लावला असं कागदावर आलं, की दुसऱ्या दिवशी इंजिनियर म्हणेल, चाळीसही तशाच असतील. माझ्या नावावर काय आहे? सिमेंटचे लेप. त्यांना कोण रडतंय?

कुमेजिरो: माझी कीव करतोस?

तात्सुओ: तुमची नाही. भिंतींची. तुमच्याशी माझं काही देणंघेणं उरलेलं नाही, ते तुम्हीच तीस वर्षांपूर्वी संपवलंत.

कुमेजिरो: मग गप्प बस. भंतेजी, ह्याचं लिहू नका.

एनजुन: मग कुणाचं लिहू?

कुमेजिरो: ह्याने लावला म्हणे. ह्याची लायकी होती का? तेव्हा ह्याला मी असल्या दगडाला हात लावू दिला असता? हा गोटे वाहायचा. चार थर लावले तेही मी काठी घेऊन मागे उभा होतो म्हणून. तो निळा दगड सरोवराच्या पलीकडून आणला होता, होडीतून. उचलायला सहा माणसं लागली. असा दगड एकवीस वर्षांचं पोरगं लावतं होय? पंचांपैकी एकजण जरी शुद्धीवर असेल तर हसेल तुम्हाला.

एनजुन: म्हणजे तो तुम्ही...

कुमेजिरो: मी. तीन दिवस फिरवला त्याला मी. शेपूट आत घातली की तोंड एवढंसं दिसायचं. सगळं सुंदर अंग मातीत. आणि तुमचे वडील रोज संध्याकाळी खाली येऊन उभे. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. मला वाटलं, एवढा दगड आणि कोणाला दिसायचाच नाही? तिसऱ्या दिवशी आडवा घातला. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, वा. भंतेजी, आमच्या धंद्यात कुणी वा म्हणत नाही. भिंत पडली नाही तर तिच्याकडे कोणी बघत नाही. पडली तर शिव्या. मला ते वा गोड लागलं.

एनजुन: आणि तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही?

कुमेजिरो: ह्याच्या आलं.

तात्सुओ: उस्ताद, असू दे ते.

कुमेजिरो: गप्प बस म्हटलं ना. ह्याच्या आलं. तुमच्या वडिलांसमोर मला म्हणतो, उस्ताद, ह्याची शेपूट आखूड आहे. तीन वर्षं शिकलेलं पोरगं मला दगड शिकवतंय. त्याच संध्याकाळी ह्याची वळकटी रस्त्यावर टाकली मी. आणि गावात सांगितलं, आळशी होता, सिमेंटकडे पळाला. पळाला नाही. मी हाकलला. आणि एकदा मी हाकललेला, त्याला दुसरा कुठला दगडाचा गवंडी ठेवून घेणार? सिमेंटच मिळालं त्याला.

एनजुन: तात्सुओसान, हे तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत.

तात्सुओ: कुणी विचारलं नाही.

कुमेजिरो: तोंड वर करून सांगणाऱ्यातला नाही तो. मूर्ख आहे. आणि भंतेजी, हा एकच नाही. आणखी दोन आहेत. एक मिरपुडीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, तांबूस, कंबरेच्या उंचीला. दुसरा जुन्या शाळेच्या पायऱ्यांपाशी. तेही असेच, दिसायला. बाकी भिंतींत मी जिवाला जपून काम केलंय, कुठलीही उघडा. हे तीन लिहा, माझ्या नावाने. त्या दोन भिंतींना पोट सुटायच्या आत उघडा.

एनजुन: तुम्ही हे सभेत येऊन सांगाल?

कुमेजिरो: येतो. त्यांच्या तोंडाला तोंड द्यायला मला कसली भीती? त्यांच्या बापांनाही मी मोजलं नव्हतं.

एनजुन: ते विचारतील, मग ह्या तिन्ही पुन्हा बांधणार कोण?

कुमेजिरो: हाच. दुसरं आहे कोण? होते ते मेले, उरलेले सिमेंटवाले. हा राहिलाय, काय करता. खडूने आकडे घालून बांधेल, पण शेपूट आत घालेल.

तात्सुओ: मी हो म्हटलेलं नाही अजून.

कुमेजिरो: तुला कुणी विचारलेलं नाही.

एनजुन: ते म्हणतील, कुमेजिरोचाच शिष्य, ह्याच्यावर भरवसा कशावरून?

कुमेजिरो: सांगा त्यांना, चार दिवस मी ह्या स्टुलावर बसून ह्याच्या हातातली चूक शोधत होतो. सापडली ती माझी. असंच सांगा. गोड करून सांगू नका.