साहेबांची बदली

— नाही, आधी ती बादली खाली ठेवा. एवढीशी आणलीत? अहो, साहेब हातभर लांब आहेत, हिच्यात त्यांची नुसती शेपटी मावेल. साहेब म्हणजे हा मासा. जागेला घट्ट चिकटून राहायचं आणि तोंड तेवढं हलवायचं — दुसरं काय नाव ठेवणार? छत्तीस वर्षं कारकुनी केली मी. — कुठे शोधताय, तो काय, टाकीतल्या लाकडाखाली. दिवसा विश्रांती असते. दुकानदारानं दिला तेव्हा बोटाएवढा होता. म्हणाला, कॅटफिश आहे, दक्षिण अमेरिकेतला, काचेवरचं शेवाळ खातो, टाकी आपोआप स्वच्छ. वर्षभर खाल्लं. मग अंगानं वाढला आणि काम सोडलं. आता काच मी पुसतो, तो बघतो.

जाहिरात? ती आमच्या हिनं दिली. 'मोठा मासा, फुकट, लवकर न्या.' हिचं म्हणणं, बाहेरच्या खोलीत बसून खाणारा एक पुरे. कोणता, ते मी विचारलं नाही. — तर तुमचा अर्ज. तोंडी चालत नाही. हा कागद, टाकीचं माप, पाणी कुठलं, घरात मांजर आहे का. तुमच्या आधी तिघे आले, तिघांच्याही अर्जात त्रुटी निघाल्या. एकानं तर मासा नर की मादी तेच लिहिलं नव्हतं. मला तरी कुठे माहीत आहे, पण अर्जदारानं लिहायला नको? — हसू नका. तिकडे नदीकाठच्या मातीत हे बीळ करतात. मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप एकटा बिळाच्या तोंडाशी राखण करत बसतो, पिल्लं निघेपर्यंत हलत नाही. म्हणून मीही इथे खुर्ची टाकून — छे, माझं काय, इथे वारा बरा येतो. दिवसातून एकदाच, साडेदहाला, ऑफिसच्या वेळेला, तो पुढे काचेशी येतो, मी पेपर वाचून दाखवतो. अग्रलेखाला तोंड हलवतो, बातम्यांना नाही. निवृत्त झाल्यापासून माझं वाक्य पुरं होऊ देणारा हा एकच — ते जाऊ द्या. खादाड आहे नुसता. माझं काय अडलंय त्याच्यावाचून.

सही इथे नाही, खाली. — बरोबर भरलंय की सगळं. टाकी इथल्याहून मोठी. मांजर नाही. बरं. न्या मग. नियम तो नियम. फक्त सकाळची काकडी खाल्ली का ते बघतो, उपाशी पाठवू नये. — ही माझी नाही. मी सालीसकट लांब फोड टाकतो; ही गोल चकती, साल काढलेली. आणि या घरात काकडीची साल काढणारं माणूस एकच. तरी म्हणतो, याचं पोट एवढं कसं सुटलं.

— अगं, दाराआड उभी राहू नकोस. सुरी ठेव आणि ये बाहेर.

— तुम्ही अजून इथेच? अर्जात त्रुटी आहे. कोणती, ते लेखी कळवू. बादली विसरू नका.