फिल्म पुन्हा काढायची आहे

—नाही, मान हलवू नका, सईबाई. मान हलवली की तुमच्या नवऱ्याला वाटेल आपण काहीतरी वेगळंच बोलतोय. डावा हात टेबलावर आहे ना? हो असेल तर बोट उचला, नसेल तर राहू द्या. बस, तेवढंच. आणि मी हसतेय ते त्याच्यासाठी, तो तुमच्या मागेच उभा आहे म्हणून. मी तनया. या पडद्यावरून बोलतेय ती चेन्नईतून, गिंडीतून. तुमच्या आरोग्य केंद्रातले एक्स-रे आमच्याकडे येतात आणि आमच्या डॉक्टर ते बघून तिकडे कळवतात. मराठीत का बोलतेय ते कळलं ना? मघाशी तुळसी सिस्टरनं तुमची हनुवटी जरा दाबली, तेव्हा त्या मोडक्या जबड्यातूनसुद्धा तुम्ही 'आई गं' म्हणालात. अम्मा नाही, आई गं! मी इथं हेडफोन लावून बसलेले, खुर्चीतून उडालेच. तंजावरच्या ना तुम्ही? हं, उचललंत. आणि त्याला मराठी येत नाही? —बोट नाही उचललंत. म्हणजे येतं? की येत नाही म्हणून नाही उचललं? थांबा, माझाच प्रश्न वाकडा. त्याला मराठी कळतं? —नाही. इतक्या वर्षांत तुमची भाषा एकदाही कानात घेतली नाही त्यानं? बरं झालं. आज तरी बरं झालं.

आता जे सांगते ते ऐकून डोळ्यांत पाणी आणू नका, म्हणजे आलंच तर जबडा दुखतोय असं दाखवा— दुखतच असेल म्हणा, काय बोलतेय मी. तुमचे तिन्ही वेळचे फोटो माझ्यासमोर आहेत, सईबाई. वेगवेगळ्या केंद्रांतले. एकावर मल्लिका लिहिलंय, एकावर ज्योती, आणि आज सिस्टरनं आधार कार्ड मागितलं म्हणून सईबाई. नावं बदलली की फोटो एकमेकांना भेटणार नाहीत असं त्याला वाटलं. पण प्रत्येक वेळी छातीचाही फोटो काढलाय, आणि तुमच्या मानेपाशी डावीकडे एक जादा बरगडी आहे, जन्मापासूनची, करंगळीएवढी. शंभरात एखाद्यालाच असते. आमच्या डॉक्टर, अलकनंदा मॅडमनी आज ती बघितली आणि म्हणाल्या, ही बाई मी आधी पाहिली आहे. सगळे जुने फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावले. मनगटाच्या वरचं ते हाड पडून मोडत नाही. डोकं वाचवायला हात आडवा धरला की मोडतं. बरगड्या मागच्या बाजूनं, म्हणजे तुम्ही जमिनीवर पालथ्या होतात. आणि आज डावीकडे जबडा, उजवीकडे गालाचं हाड. तो म्हणतो न्हाणीघरात घसरली. न्हाणीघर दोन्हीकडून मारत नाही, सईबाई.

मला कसं कळतं? डॉक्टर कुठं आहे मी, साधी बी.एस्सी. पण इथं चेन्नईजवळ आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमच्या बाबांचा तो पट्टा, खुंटीवरून काढताना बक्कल वाजायचं ना, ते ऐकून मी अजून— जाऊ दे. हे कशाला सांगतेय तुम्हाला. आई जिवंत आहे माझी, काळजी करू नका.

ऐका. मी आता त्याला सांगणार की फिल्म धूसर आली, पुन्हा काढायची. सिस्टरला माहीत आहे, मी मेसेज केलाय. एक्स-रेच्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नाहीत, हे तो विसरलेला नसेल, प्रत्येक वेळी बाहेरच उभा राहिलाय. ते दार जाड आहे, आत शिशाचा पत्रा असतो. आत गेलात की सिस्टर कडी लावेल आणि मग उघडायचं नाही. कोणी काही म्हणो. ते लोक निघालेत— नाव घेत नाही त्यांचं, तो शब्द सगळ्या भाषांत सारखाच. आलेच ते. तुम्ही फक्त घाबरल्यासारखं दाखवू नका, माझ्यासारखं अगदी शांत—

अरे देवा.

मी दचकले. त्यानं तुमच्या मानेवर हात ठेवला आणि मी दचकले, आणि त्यानं बघितलं. ओण्णुम इल्ल, अण्णा, काही नाही, इथं दार आपटलं कुणीतरी. फिल्म नीट आली नाही, एकच पुन्हा काढायची, तुम्ही बाहेर बसा. हो, यांच्या भाषेत समजावत होते, श्वास कसा धरायचा ते. उठा सईबाई, त्याच्याकडे बघू नका, उठा, तो हात सोडत नाहीये— सिस्टर, चला लवकर, टॅब घ्या बरोबर! चला, चला, चला—

लागली कडी? नक्की? वरची पण लावा. बसा खाली, भिंतीला टेका. दिसताय मला टॅबवर. हा आवाज त्याचाच ना? लाथा मारतोय. शिव्यांकडे लक्ष देऊ नका. 'मी नुसतं बोलणार आहे' असंही म्हणेल आता, गोड आवाजात— म्हणालाच बघा. नको, सईबाई. पाय मागे घ्या. उघडलंत तर यापुढे फोटो काढायला कोणी आणणार नाही तुम्हाला.

किती वेळ? आलेच म्हणाले होते मी ना, ते— खोटं होतं ते. फोन लागतच नव्हता. देवेश माझ्या शेजारी बसून मघापासून लावतोय, आत्ता कुठं लागलाय. अर्धा तास म्हणतायत. रागवा माझ्यावर, पण उघडू नका. सिस्टर, बिजागरी हलतेय का? हलतेय? ते टेबल सरकवा दाराला, दोघी मिळून, तुमचा चांगला हात लावा, सईबाई—

थांबला. का थांबला? एक मिनिट. पहिल्या खोलीतला कॉम्प्युटर चालूच राहिलाय, तिथं मला दिसतंय— आत आला. हातात सलाइनचा लोखंडी स्टँड आहे. माझा आवाज ऐकून आलाय. तुमच्या खुर्चीत बसलाय, अगदी कॅमेऱ्याला चिकटून, आणि माझ्याकडे बघतोय. विचारतोय, फोटो कुठं आहेत.

सगळे इथं आहेत, चेन्नईत. तिथं एकही नाही. पण तुम्ही दोघी आता आवाज करू नका, मी तमिळमध्ये बोलतेय त्याच्याशी, आणि जे बोलेन ते खरं मानू नका. देवेश, फोन ठेवू नकोस.

अण्णा. हो, मी बघितलेत. मल्लिका, ज्योती, सगळ्या. मला ठाऊक आहे तू काय केलंस. नाही, अजून कुणाला पाठवलेले नाहीत. तुझ्या समोर जो डबा आहे ना, काळा, टेबलाखालचा, त्यातच आहेत सगळे. तेवढा राहिला नाही तर माझ्याकडे पुरावा काय? काहीच नाही. मग दार कशाला फोडतोस, तिच्याकडे काय आहे? हां, तोच. नाही, आधी हा पडदा फोड, माझं तोंड बंद कर, मी बोलतच राहीन नाहीतर. बाईनं उलट बोललेलं चालत नाही ना तुला? मग मार. इथं, माझ्या तोंडावर. अजून जोरात, एवढाच आहे का जोर, की तो फक्त घरात— मार, मी नाही दचकत आता, मार ना—