आतल्या बाजूचं स्टूल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, व्यासपीठावरचे सन्माननीय विश्वस्त, आपले वाद्यवृंदसंचालक, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आम्हा सगळ्यांचे खर्जदादा, वहिनी, माझे वादक सहकारी आणि समोर बसलेल्या रसिकजनहो,

मी नगारे वाजवतो आणि वादक संघटनेचा सचिव आहे. म्हणजे दोन्हीकडे आवाज करणं हेच माझं काम. नगारे मागच्या रांगेत असतात आणि माझ्यापुढे दादांचा डबल बास, म्हणजे ते माणसाहून उंच, खर्जाचं तंतुवाद्य. सव्वीस वर्षं मी दादांची पाठ पाहत आलो. वहिनी, राग मानू नका, पण त्या पाठीची माहिती तुमच्यापेक्षा मला जास्त आहे. उजवा खांदा कोणत्या वर्षी खाली उतरला, तेही मी सांगू शकेन.

या माणसाने घर घेताना पाणी, ऊन, शेजार काही पाहिलं नाही. खिशातून टेप काढली आणि दाराची रुंदी मोजली. वहिनी म्हणाल्या, "मी मावते का तेही एकदा बघा!" टॅक्सीवाले ते वाद्य पाहून वेग वाढवत. जिन्यात भेटणारा प्रत्येक विनोदवीर विचारी, "आत कोणाला कोंबलंय?" आणि दादा प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसून दाखवत. या वाद्यवृंदात सहा वेळा निवड हुकली, सातव्यांदा झाली, तेव्हा वय होतं चौतीस. आणि एवढं करून मिळालं काय? मुलगी लहानपणी पहिल्यांदा कार्यक्रमाला आली आणि घरी जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी वाजवलंत?"

आता एक गोष्ट रसिकांना सांगायला हवी, कारण ती खालून दिसत नाही. डबल बासच्या दोन वादकांत स्वरलिपीचा एकच स्टँड असतो. पान संपत आलं की आतल्या बाजूच्या स्टुलावरचा वादक हात थांबवून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो. खर्ज तुटत नाही. छापणारेही वादक दोघं आहेत असं धरूनच पानं छापतात.

सात वर्षांपूर्वी दादांचे आतल्या बाजूचे जोडीदार निवृत्त झाले. ती जागा भरली नाही. तेव्हापासून वाजवायचं दादांनी आणि उलटायचंही दादांनी. प्रत्येक पानाला तीन-चार मात्रा गळायच्या. एकाने सल्ला दिला, पानांच्या झेरॉक्स काढून शेजारी शेजारी चिकटवा. दादा म्हणाले, "चिकटवल्या. मग संचालकच दिसेनात."

शेवटी ते माझ्याकडे आले. "सचिव, एक साधा अर्ज लिहून दे. जोडीदार द्या म्हणावं. बस."

साधा? मी आणि साधा अर्ज? मी चार पानं लिहिली. कलेचा पाया काय, संस्थेचं कर्तव्य काय, सगळी तोफ डागली. वर म्हटलं, "दादा, नुसतं बोलून भागत नाही, पुरावा हवा." दादा प्रामाणिक माणूस. वर्षभराच्या प्रत्येक कार्यक्रमात कुठे कुठे खर्ज तुटला, ते त्यांनी पेन्सिलीने लिहून दिलं. दोनशे अकरा ठिकाणं. मी ती यादी सुवाच्य अक्षरात काढून अर्जाला जोडली आणि छाती फुगवून दिली.

मंडळाचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'डबल बास दोनशे अकरा वेळा थांबूनही एकाही श्रोत्याची तक्रार आलेली नाही. सबब दुसऱ्या जागेची गरज नाही आणि पहिली जागाही विद्यमान वादकाच्या निवृत्तीनंतर रद्द करण्यात येईल.'

म्हणजे तो पुरावा मीच दिला. माझ्या अक्षरात.

दादांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "अर्ज चांगला लिहिला होतास रे."

अध्यक्षमहाशय, आपण सौजन्याने मला इथे उभं केलंत, म्हणून आवाज चढवणार नाही. पण विचारतो. ऐकू न येणं आणि नसणं या दोन गोष्टी एकच का? संचालकसाहेब, दादा तापाने घरी होते ती तालीम आठवते? तुम्ही तीनदा काठी आपटून ओरडलात, "सगळे घाई का करताय?" कोणीच घाई करत नव्हतं. ज्याच्यावर पाय टेकायचा तोच त्या दिवशी नव्हता. तुम्हाला ते कळलं होतं. मग त्या दोन ओळींखाली तुमची सही कशी? संचालकसाहेब खाली पाहताहेत. पाहू द्या. माझीही मान वर नाही.

पुढच्या महिन्यापासून खर्ज कीबोर्डवर वाजणार आहे. दादा सरावाला घरी नेत तो डबल बास संस्थेचा आहे, तो आजच जिन्याखालच्या खोलीत जाईल. मंडळाकडे मी आणखी तीन वेळा गेलो. काही बदललं नाही आणि बदलणारही नाही. निरोपाच्या भाषणात आशेचं काहीतरी बोलायचं असतं, मला माहीत आहे. रात्रभर शोधलं. सापडलं नाही.

या भाषणानंतर दादा वाद्यवृंदाबरोबर शेवटचं वाजवतील. रचना पाच पानांची आहे आणि तिच्यात नगाऱ्यांना काम नाही. मी जिन्याखालून आतल्या बाजूचं स्टूल काढून पुसून ठेवलंय. पानं मी उलटणार आहे. सात वर्षांत आज पहिल्यांदा आणि शेवटचं खर्ज कुठेही तुटणार नाही. रसिकहो, तुम्हाला फरक जाणवेल असं मी म्हणत नाही.

मंडळाचे, संचालकांचे, सभागृहाच्या कर्मचाऱ्यांचे आणि हे सगळं निमूट ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला.

लिहिण्यात झालं, ते मात्र पोटात घालू नका, दादा. चला, पहिलं पान लावतो.