मास्तरांच्या दंडातला आवाज

…आता मला सांगा, कात्री एकदा पडली तर समजू शकते मी, पण दिवसातून चार वेळा? आमचे हे शिंपी हो, पस्तीस वर्षं तीच कात्री चालवतायत, आणि गेल्या वर्षी अचानक कात्री खाली, खडू खाली, कपांचं तर विचारूच नका… आणि मी आपली तोंड सोडून मोकळी, "लक्ष कुठे असतं तुमचं?" एक बटण लावायला अर्धा तास! गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, तोवर घरी जाऊन दुसरा शर्ट घालून येतो!" मी हसले हो… चक्क हसले! आणि वर, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

मग अंगठ्याखालचं मांसच बसलेलं दिसलं, तेव्हा कुठे तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडात सुई खुपसली, तर ह्यांचा प्रश्न काय? "कितव्या नंबरची?" सुईला तार, तारेला मशीन, मशीनला स्पीकर. "हात कोपरात दुमडा," म्हणाल्या, आणि तुम्हाला सांगते, दंडातून मोठा आवाज आला! ठक्… मग काहीच नाही… ठक्…

"धडधाकट माणसाचा कसा येतो हो?" मी विचारलं.

"पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. सलग."

मग समजावून सांगितलं बिचारीने. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, त्यातल्या पेशी ही वीज तयार करतात. पेशीला म्हणे बारीक बारीक दारं, ती उघडली की मिठातले भारलेले कण भसाभसा आत, झाली वीज, धावली स्नायूकडे!

"अगं बाई, मग मीठ कमी पडतंय का? वाढवते ना मी भाजीत!"

बाई हसल्या नाहीत हो. हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ पुरेसं आहे. पेशीच मरतायत. उरलेली एकेक पेशी दहाजणींचं काम ओढतेय, म्हणून ठोका एवढा मोठा."

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, पदर ओला, आणि हे खांद्याने ढोसतायत, "अगं, आपला थांबा गेला! लक्ष कुठे असतं तुझं?"

पुढे जीभही जड होणार आहे म्हणे, बोलणं जाईल. म्हणून आता दुकान बंद झालं की समोर बसते, चहा चमच्याने पाजते आणि म्हणते, बोला हो, काहीही बोला, मला शिव्या द्या, गिऱ्हाइकांच्या चुगल्या करा, आवाज साठवून ठेवू दे मला कानात, नंतर कुठून आणू… तर हे घोट गिळतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात काय?

"बोलेन की. तू थांबलीस की लगेच!"